यंत्रापासून सुटलेली नोंद

प्रयोगशाळेतल्या यंत्रावरून पेनड्राइव्हवर फाइल्स उतरवून घेणे हे काम इतके किरकोळ समजले जाते की ते सहसा सर्वांत नव्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा समज टिकत नाही. मोजमाप यंत्रापासून सुटे होते तेव्हाच त्याची विश्वासार्हता पणाला लागते. ते काचेवर उतरले, कागदावर की चिपवर, याला मी दुय्यम मानतो. ते कोणत्या परिस्थितीत घेतले होते हे त्याच्यासोबत बाहेर पडले की नाही, यावर सारे अवलंबून असते.

लायडनमध्ये विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तंतू-गॅल्व्हानोमीटर उभारला. त्याचे वजन पाव टनाहून अधिक होते, चुंबकांना थंड ठेवायला पाणी खेळवावे लागे आणि चालवायला पाच माणसे लागत. तो रुग्णालयात नेणे अशक्य असल्याने 1905मध्ये सुमारे दीड किलोमीटर तार टाकून रुग्णाच्या हृदयाचे विद्युतस्पंद प्रयोगशाळेत आणले गेले. तंतूची सावली सरकत्या फोटोप्लेटवर पडे. आइंथोव्हेन यांचे मोठेपण मला याच्या पुढच्या पायरीत दिसते. आरे असलेले चाक फिरवून ते प्रकाश ठरावीक अंतराने अडवत, त्यामुळे वेळ दाखवणाऱ्या उभ्या रेघा त्याच प्लेटवर उमटत. आडव्या रेघांवरून व्होल्टेज वाचता येई. आज ती प्लेट कोणीही हातात घ्यावी, तिचे माप तिच्यातच सापडते. हृदयालेखाच्या चौकटीच्या कागदाने पुढे हीच शिस्त जगभर नेली.

त्याच गावात, त्याच काळात, उलट उदाहरणही घडले. 8 एप्रिल 1911 रोजी हाइके कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या पाऱ्याचा विद्युतरोध जवळजवळ नाहीसा झाला आणि अतिवाहकतेचा शोध लागला. पंपांच्या हादऱ्यांपासून दूर राहावे म्हणून रोध मोजणारे गॅल्व्हानोमीटर सुमारे 50 मीटर अंतरावरच्या खोलीत होते. म्हणजे इथेही नोंद यंत्रापासून सुटलेलीच. ओनेस यांनी ती वहीत पेन्सिलीने लिहिली. पण त्या वहीच्या वेष्टनावर वर्षे होती 1909–1910, आणि पुढची वही सुरू होत होती ऑक्टोबर 1911मध्ये. साहजिकच, एवढ्या मोठ्या शोधाची मूळ नोंद हरवली असा समज अनेक दशके राहिला आणि त्या पोकळीत, डुलकी लागलेल्या शिकाऊ मुलामुळे शोध लागला अशी कथाही रुजली. डिर्क फान डेल्फ्ट आणि पीटर केस यांनी वह्या मुळातून वाचून 2010मध्ये तारखेचा उलगडा केला. वही संग्रहालयात सुखरूप होती. चुकले होते फक्त वरचे लेबल.

यूएसबी ड्राइव्ह 2000च्या सुमारास बाजारात आला, तो लेबलाची हीच दुबळी बाजू घेऊन. यंत्राला जोडलेला संगणक अनेकदा जुन्या प्रणालीवर चालतो. ती बदलली तर यंत्राचे सॉफ्टवेअर बंद पडण्याची भीती असते, म्हणून त्याला नेटवर्कपासून दूर ठेवतात. मग ड्राइव्हशिवाय वाट उरत नाही. डिस्क भरत आली की कोणीतरी घाईने जागा मोकळी करतो. संगणकाचे घड्याळ चुकीचे असेल तर फाइलवरची तारीखही चुकीची पडते. एफएटी32 पद्धतीच्या ड्राइव्हवर 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही, म्हणून ती तोडली जाते किंवा मागे राहते. ‘टेस्ट 1’ नावाच्या फाइलची गत त्या वहीच्या वेष्टनासारखीच होते.

यावर कोणी म्हणेल, ड्राइव्हवर बंदी घाला, सगळे नेटवर्कवरून पाठवा. ड्राइव्हमधून विषाणू शिरतात, हे खरे आहे. पण 2019च्या नाताळच्या तोंडावर मास्ट्रिख्ट विद्यापीठावर खंडणीचा सायबर हल्ला झाला, तेव्हा नेटवर्कला जोडलेल्या काही बॅकअप प्रतीही कुलूपबंद झाल्या आणि विद्यापीठाला 30 बिटकॉइन मोजावे लागले. नेटवर्कपासून तोडलेल्या प्रतीची किंमत तिथे कळली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आइंथोव्हेन यांच्याजवळ मूठभर प्लेटी होत्या, आजच्या माहितीच्या महापुरात ती काळजी कशी परवडेल? ड्रेन्थेतल्या एक्स्लोजवळ गाभा असलेली लोफार ही रेडिओ दुर्बीण याचे उत्तर देते. तिच्या हजारो अँटेनांचे कच्चे संकेत साठवणे शक्यच नाही. ते एकत्र करून, प्रक्रिया करून उरलेलेच ॲमस्टरडॅम, युलिख आणि पोझ्नान इथल्या संग्रहांत जाते. म्हणजे काय टाकायचे आणि काय लिहून ठेवायचे हे निरीक्षणाआधीच ठरवावे लागते. महापुराने काळजी अनावश्यक केली नाही, तिची वेळ अलीकडे आणली.

काय टाकले हे सांगितलेच नाही तर काय होते, ते डेल्फ्टमध्ये दिसले. तिथल्या एका गटाने 2018मध्ये ‘नेचर’मध्ये मायोराना नावाच्या कणांविषयीचा निष्कर्ष छापला. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी मूळ मोजमापे मागितली, ती तपासली, आणि छापील आलेखांतून काही भाग न सांगता गाळल्याचे दिसले; वाहकतेचे अंशांकन पुन्हा केल्यावर आकडेही अपेक्षित मूल्याशी पूर्वीसारखे जुळेनात. मार्च 2021मध्ये लेख मागे घेतला गेला. छापील आलेखाच्या पलीकडची मोजमापे शिल्लक होती, म्हणूनच ही तपासणी होऊ शकली. ती यंत्रावरच पुसली गेली असती, तर तो निष्कर्ष आजही संदर्भ म्हणून वापरला गेला असता.