हिप्पोकॅम्पसचं काम कसं कळलं

दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या खोल भागात, एकेक वळणदार अवयव दडलेला असतो. बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ अरांझी यांनी १५८७ सालच्या ग्रंथात आकारावरून त्याला समुद्रघोड्याचं नाव दिलं, हिप्पोकॅम्पस. बारसं झालं, पण त्याचं काम साडेतीनशे वर्षं नीट उमगलं नाही. विसाव्या शतकातही बऱ्याच तज्ज्ञांनी त्याचा संबंध वासाशी लावला होता.

त्याचं खरं काम कळलं एका माणसाच्या नुकसानीतून. १९५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डला सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी २७ वर्षांच्या हेन्री मोलेसनच्या फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या दोन्ही हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, बुद्धी शाबूत राहिली, लहानपण आठवत राहिलं. नवं मात्र काही टिकेना. मॉन्ट्रियलहून मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला आल्या. तोवर घरच्यांनी त्याच रस्त्यावर थोडं पुढे बिऱ्हाड हलवलं होतं. दहा महिने उलटले तरी हेन्रीला जुना पत्ता तोंडपाठ, नव्याचा पत्ताच नाही. एकटा बाहेर पडला तर घरी परतेल याचा भरवसा नव्हता. कालच ज्या यंत्रानं गवत कापलं ते कुठे ठेवलंय, हेही आईनंच सांगायचं. स्कोव्हिल आणि मिल्नर यांच्या १९५७ च्या शोधनिबंधातला हा तपशील मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आठवण आणि वाट, दोन्ही एकदमच हरवल्या होत्या. २००८ साली वारला तोवर तो जगाला फक्त ‘एच. एम.’ म्हणून माहीत होता. या शोधाच्या इतिहासात सर्जनच्याही आधी त्याचं नाव घ्यायला हवं.

वाटेचा धागा लंडनमध्ये मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांच्या हाती लागला. त्यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक तारा बसवून त्यांना मोकळं फिरू दिलं. उंदीर एका ठरावीक जागी आला की एक पेशी तडतडायची. तो पुढे सरकला की ती थंडावायची आणि दुसरी सुरू व्हायची. १९७१ साली ओकीफ आणि डोस्ट्रोव्स्की यांनी हे जाहीर केलं. २००५ साली नॉर्वेत संशोधक मोझर दांपत्याला शेजारच्याच भागात, जागेची जणू मोजणी करणाऱ्या जाळीपेशी सापडल्या. ओकीफ आणि मोझर दांपत्य अशा तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.

त्याआधीच, २००० साली, मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांनी लंडनच्या टॅक्सीचालकांचे मेंदू स्कॅन केले होते. हजारो गल्ल्या पाठ करूनच त्यांना परवाना मिळतो. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि नोकरीची वर्षं जास्त तसा तो अधिक मोठा. पुढचा भाग मात्र इतरांपेक्षा लहान होता.