चित्र, अक्षर आणि ध्वनी : मराठी बालवाचनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

पुण्यातील अप्पा बळवंत चौकात पिढ्यान्‌पिढ्या विकली जाणारी अंकलिपी हे मराठी घरातील बहुधा सर्वाधिक हाताळले गेलेले पुस्तक असावे. (त्या चौकाला लोक 'एबीसी' म्हणतात, हा योगायोग गमतीचा खरा.) 'क कमळाचा', 'ग गणपतीचा' हे तिच्यातील सूत्र इतके अंगवळणी पडले आहे, की अक्षरशिक्षण म्हणजे हेच, असे आपण गृहीत धरतो. हे चित्र मुलाला नेमके काय शिकवते, अक्षराचा आकार की उच्चार, हा प्रश्न मात्र शिक्षणाच्या इतिहासात फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

धूळपाटीवरील अक्षर

पंतोजींच्या शाळेत चित्र नव्हते. पाटीवर बारीक धूळ पसरून मूल बोटाने अक्षर गिरवीत असे आणि गिरविताना त्याचा उच्चार मोठ्याने करीत असे. हात, डोळा आणि कान यांचे हे एकत्र येणे शास्त्रशुद्ध होते, असे आज म्हणता येते. मद्रासमध्ये वाळूत अक्षरे गिरविणारी मुले पाहून अँड्र्यू बेल यांनी ती रीत आपल्या शाळेत आणली आणि १७९७ मध्ये त्या प्रयोगाचा वृत्तांत इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर तेथील गरीब मुलांच्या शाळांत वाळूचे तबक पोहोचले. ज्या पद्धतीला पुढे आपल्याकडील सुशिक्षितांनी गावंढळ ठरविले, तिचा असाही एक प्रवास झाला होता.

तथापि या पद्धतीचा गौरव करताना तिची मर्यादा झाकू नये. आरंभीचे 'ओनामासीधं' हे 'ॐ नमः सिद्धम्' याचे घासून गुळगुळीत झालेले रूप होय. त्याचा अर्थ मुलाला ठाऊक नसे, अनेकदा पंतोजींनाही नसे. वर्णमालेची रचना कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य अशी, म्हणजे घशापासून ओठांपर्यंतच्या उच्चारस्थानांच्या क्रमाने केलेली आहे. पाच वर्ग म्हणजे मुखाचा जणू नकाशाच. परंतु तो नकाशा मुलाला कोणी दाखविला नाही, केवळ घोकून घेतला. कोरियातील हंगुल लिपी १४४६ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिच्या मूळ व्यंजनचिन्हांचे आकार जीभ, ओठ, दात आणि घसा यांच्या स्थितीवरून घेतल्याचे तिच्या विवरणग्रंथात नमूद करण्यात आले. आपल्याकडे शास्त्र क्रमात राहिले, आकारात उतरले नाही.

छापील चित्राचा प्रवेश

मुंबई इलाख्यात १८२० च्या दशकात शिळाछाप रूढ झाला आणि त्यावर मराठी शालेय पुस्तके निघू लागली. एकाच दगडावर अक्षर आणि आकृती दोन्ही काढता येत असल्याने सचित्र पुस्तकाची वाट मोकळी झाली. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा स्थापन केली. तिच्या रंगीत शिळाछापांमुळे देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रे सामान्य घरांच्या भिंतींवर आली. मुलाच्या हाती चित्र देणे ही तोपर्यंत चैन होती. ती आता आवाक्यातली गोष्ट झाली.

येथे युरोपातील एका जुन्या पुस्तकाची आठवण होते. कोमेनिअसच्या १६५८ मधील सचित्र पाठ्यपुस्तकाच्या आरंभी जी वर्णमाला आहे, तिच्यात कावळा ओरडतो आणि कोकरू बेंबटते. त्या आवाजातून मुलाने वर्ण ओळखावयाचा. म्हणजे तेथे चित्र थेट ध्वनी सुचविते. आपल्या अंकलिपीतील चित्र आधी वस्तूचे नाव सुचविते आणि त्या नावातून मुलाने पहिला ध्वनी वेगळा काढावा अशी अपेक्षा ठेवते. हे वेगळे काढणे चार-पाच वर्षांच्या मुलाला आपोआप साधत नाही. कमळाचे चित्र पाहून ते 'कमळ' म्हणते, 'क' म्हणेलच असे नाही.

चित्राने काय दाखविले नाही

सर्वपरिचित अंकलिपी ध्वनीच्या दृष्टीने तपासली असता काही चमत्कारिक गोष्टी आढळतात. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' असे म्हणावे लागते. पहिल्या ध्वनीचा नियम येथे मोडतो, आणि दोन्ही शब्द मुलाच्या कानी 'बा'नेच सुरू होतात. शहामृग आणि षटकोन यांच्या चित्रांनी श आणि ष ही दोन चिन्हे वेगळी राहतात, पण पुण्यातील बोलण्यात दोन्हींचा उच्चार बहुधा एकच होतो. चित्र येथे लेखनाला साहाय्य करते, श्रवणाला नाही. ईडलिंबू तर कित्येक मुलांनी अंकलिपीखेरीज कोठे पाहिलेलेच नसते.

याहून महत्त्वाची गोष्ट च, ज आणि झ यांची. मराठीत या वर्णांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत. विश्व या अर्थाचा 'जग' आणि जगण्याची आज्ञा करणारा 'जग' यांत लेखनाचा भेद नाही, उच्चाराचा आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'सारख्या ग्रंथांत वर्णोच्चाराची चर्चा येते, परंतु ती बालवर्गापर्यंत पोहोचली नाही. अंकलिपीत चमचा, जहाज आणि झबले ही तिन्ही चित्रे दंततालव्य उच्चाराचीच आहेत. चिमणी, जीभ आणि झेंडा यांतील ध्वनीला चित्रच नाही. त्यातही 'चमच्याचा' हा शब्द पाहावा : त्यात पहिला आणि शेवटचा च दंततालव्य, तर मधला 'च्या' तालव्य. एका चित्राखाली मूल दोन्ही ध्वनी उच्चारते, पण त्याचे लक्ष तिकडे कोणी वेधीत नाही. मराठी घरातील मुलाला हा भेद कानाने आधीच अवगत असतो. त्यामुळे ही त्रुटी त्याला जाणवत नाही. कानडी किंवा हिंदी बोलणाऱ्या घरातून पुण्याच्या मराठी शाळेत आलेल्या मुलाला मात्र ती नडते, आणि त्याचा उच्चार 'अशुद्ध' ठरतो.

शिवाय चित्र स्वर आणि सुट्या व्यंजनांपाशीच थांबते. चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजे ४०८ अक्षररूपे. ती पुन्हा तालावर घोकूनच शिकली जातात. कान्या-मात्रांच्या उंबरठ्यावर जे मूल अडखळते, त्याच्या मदतीला कमळही येत नाही आणि गणपतीही येत नाही.

कोसबाडचा वेगळा मार्ग

चित्र कोणाच्या घरातले, हा प्रश्न कृतीतून विचारला तो ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे मॉन्टेसरी पद्धतीचे काम केल्यावर ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताई त्याच वेळी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे कार्य त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) कोसबाड येथे गेले. मॉन्टेसरीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पाने आणि खडे आले. वारली मुलाला शहामृग, यज्ञ आणि भटजी यांची चित्रे दाखवून अक्षर शिकविणे म्हणजे एका अपरिचिताची ओळख दुसऱ्या अपरिचिताच्या मध्यस्थीने करून देणे होय. परिसरातील वस्तू हाती देण्यात निव्वळ काटकसर नव्हती, भाषेविषयीची जाण होती, असे मला वाटते.

मॉन्टेसरी पद्धतीतील खरखरीत कागदाची अक्षरेही लक्षणीय आहेत. मूल त्यांवरून बोट फिरविते आणि अक्षराचे नाव न घेता ध्वनी उच्चारते. धूळपाटीच या वाटेने परत आली, फरक एवढाच की या वेळी घोकंपट्टीविना. आपल्या पालकांनी तिचे स्वागत मात्र विलायती पद्धत म्हणून केले.

मुखाकडे पाहणे

उच्चार डोळ्यांना दाखविण्याचा सर्वांत कसोशीचा प्रयत्न कर्णबधिरांच्या शिक्षणात झाला. मुंबईत १८८५ मध्ये अशा मुलांची शाळा सुरू झाली. देशातील ती पहिली मानली जाते. ओठांवरून बोलणे ओळखताना प, ब, भ, म हे सारखेच दिसतात. म्हणून शिक्षक मुलाचा हात गळ्यावर ठेवून ब चे कंपन जाणवून देतो, नाकावर बोट ठेवून म ओळखवितो, तळहातावर फुंकर देऊन प आणि फ यांतला फरक दाखवितो. पवर्ग असा हाताने आणि डोळ्यांनी शिकता येतो. पाणिनीय परंपरेतील घोष, अनुनासिक आणि महाप्राण या संज्ञांचेच हे प्रात्यक्षिक होय. सामान्य बालवर्गात आरसा आणि तळहात एवढ्या साधनांवर ते करता आले असते.

पुण्यातील अनेक पूर्वप्राथमिक शाळांत अलीकडे इंग्रजी ध्वनिशिक्षणाचे सचित्र, अभिनयासहित पाठ दिले जातात. इंग्रजीत अक्षराचे नाव आणि ध्वनी भिन्न असल्याने ते आवश्यकही आहेत. देवनागरीत ती अडचण नाही, आणि म्हणूनच मराठीला ध्वनिशिक्षणाची गरज नाही, असा समज बळावला असावा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने इंग्रजी शब्दांतील उच्चारांसाठी ॲ आणि ऑ यांना मराठी वर्णमालेत स्थान दिले. चमच्यातील च आणि चिमणीतील च यांच्यासाठी बालवर्गातील तक्त्यावर अजूनही एकच चौकोन आहे, आणि त्यात चमचाच काढलेला असतो.