वृत्तपत्रे आणि आपले मत : एक ऐतिहासिक विचार

निवडणुकीचे दिवस जवळ आले की आपल्या संस्थेच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. कोणी ज्ञातिबांधव पत्राने विचारतात, कोणी समक्ष भेटून विचारतात, की या खेपेस संस्थेचा कौल कोणाच्या बाजूने आहे? स्मरणिकेत चार ओळींचे निवेदन छापले तर ज्ञातीची सगळी मते एका जागी पडतील आणि आपल्या शब्दाला वजन येईल, अशी त्यामागे सद्भावना असते. ती सद्भावना आम्ही जाणतो. परंतु छापील शब्दाने माणसाचे मत हवे तसे वळविता येते, ही समजूतही त्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. ती कितपत खरी आहे, हे आपल्याच मराठी मुलखाच्या इतिहासात तपासून पाहावे, या हेतूने हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, तेव्हा या देशात मतदार नव्हता. त्या पत्राचा अर्धा मजकूर मराठीत आणि अर्धा इंग्रजीत असे. लोकांना ज्ञान व्हावे आणि राज्यकर्त्यांना लोकांचे म्हणणे कळावे, एवढाच त्याचा उद्देश होता. पुढे १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' काढले, आणि शेतकरी व कष्टकरी वर्गाची दुःखे छापील अक्षरांत दिसू लागली. १८८१ साली 'केसरी' निघाला. या पत्रांनी लोकमत जागे केले खरे, पण ते लोकमत पेटीत टाकण्याचा हक्क फार थोड्यांना होता. नगरपालिकांच्या निवडणुकांत करदात्यांपुरताच तो मर्यादित होता.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतिक कौन्सिलांसाठी मताधिकार काहीसा विस्तारला. तरीही सारा किंवा कर भरण्याची अट होतीच. याच कायद्यानुसार मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या गेल्या. मत मिळाले, आणि मताबरोबर पत्रांचीही गरज भासू लागली. कृष्णरावांचे पुत्र मुकुंदराव पाटील १९१० पासून तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेडेगावातून 'दीनमित्र' चालवीत होते. पुण्यात श्रीपतराव शिंदे यांचे 'विजयी मराठा' १९१९ साली निघाले. ब्राह्मणेतर पक्षाला जो आवाज लाभला, तो बहुतांशी अशाच पत्रांमुळे. ज्यांच्या घरी आजवर कोणी उमेदवार मत मागावयास आला नव्हता, अशा माणसांना आपणही विचारले जाण्याजोगे आहोत, हे या पत्रांनी सांगितले. मतदाराला प्रथम स्वतःची किंमत कळावी लागते. ते काम या पत्रांनी केले.

त्याच सुमारास, ३१ जानेवारी १९२० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' पाक्षिक निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही, असे खुद्द बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवले आहे. वृत्तपत्राची सत्ता केवळ ते काय छापते यात नसते, काय छापीत नाही यातही असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. 'मूकनायका'च्या पहिल्याच अग्रलेखात बाबासाहेबांनी जातिविशिष्ट पत्रांचीही परीक्षा केली. बहुतेक पत्रे एकेका जातीचे हित पाहतात, इतरांची पर्वा करीत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. समाज म्हणजे एक बोट आहे आणि दुसऱ्याच्या खोलीस भोक पाडणारा उतारू अखेर स्वतःही बुडतो, असा दृष्टान्त त्यांनी तेथे दिला. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहिताना आम्हांस तो दृष्टान्त वारंवार आठवतो, आणि आठवावाच.

स्वातंत्र्यानंतर, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. त्या वेळी देशात शंभरांपैकी सुमारे अठरा माणसे साक्षर होती. म्हणूनच उमेदवारांना चिन्हे द्यावी लागली. वाचू न शकणाऱ्या या विशाल मतदारवर्गावर वृत्तपत्राचा प्रभाव पडतो की नाही, आणि पडला तर कोणत्या वाटेने, हा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यास संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याइतके उत्तम उदाहरण दुसरे नाही.

त्या काळाच्या तारखा एकदा नीट मांडून पाहाव्यात. राज्य पुनर्रचना मंडळाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईसह मराठी राज्याची मागणी त्याने मान्य केली नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार असे जाहीर होताच पुन्हा गोळीबार झाले. या लढ्यात शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. १ नोव्हेंबरला विशाल द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले. आणि त्यानंतर, १५ नोव्हेंबर १९५६ रोजी, आचार्य अत्र्यांचा दैनिक 'मराठा' निघाला.

दैनिक 'मराठा' आला तेव्हा घाव बसून वर्ष होत आले होते. अत्र्यांचे 'नवयुग' साप्ताहिक आधीपासून होते आणि त्यानेही रान उठविले होते, हे खरे. तथापि घराघरांत जो संताप होता तो गोळीबाराने निर्माण केला होता, छापखान्याने नव्हे. 'मराठा'ने त्या संतापाला भाषा दिली, रोज सकाळी नवा शब्द दिला, विरोधकांना चटकन तोंडावर बसतील अशी विशेषणे दिली. ज्याला जे वाटत होते ते मोठ्याने म्हणण्याचे धैर्य आले. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या शाहिरीने हेच काम वाचू न शकणाऱ्यांसाठी केले. आमच्यातील वडीलधारी मंडळी अद्यापि सांगतात की अंक एकाच्या दारात पडे आणि वाचून दाखविला जाई तो सगळ्या चाळीला. एक वाची, दहा ऐकत, आणि ऐकणाऱ्यांपैकी दोघे-तिघे वाद घालीत. त्या वादातून मत तयार होई.

१९५७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मतदान झाले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची मोठी पीछेहाट झाली. अत्रे दादरमधून विधानसभेवर निवडून आले. पुण्यात काकासाहेब गाडगीळांसारखे मातबर नेते लोकसभेच्या निवडणुकीत ना. ग. गोऱ्यांकडून पराभूत झाले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमध्ये थोडक्या मतांनी बचावले. हा पत्राचाच विजय, असे कोणी म्हणेल. पण त्याच निवडणुकीत द्विभाषिकाच्या ३९६ जागांपैकी २३४ काँग्रेसला मिळाल्या, आणि त्यांत गुजरातबरोबर विदर्भ व मराठवाडा यांचाही मोठा वाटा होता. भाषा तीच, मग कौल वेगळा का? विदर्भात स्वतंत्र राज्याची मागणी जोर धरून होती. मराठवाडा हैदराबाद राज्यातून नुकताच बाहेर आला होता. फ्लोरा फाउंटनची जखम तेथल्या घरांना तशी लागली नव्हती. जेथे अनुभव नाही तेथे अग्रलेखाचा शब्द रुजत नाही.

पुढचा दाखला याहून बोलका आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. 'मराठा' चालूच होता, अत्र्यांची लेखणीही तीच होती. तरीही १९६२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसने जिंकल्या. मागणी पुरी झाली होती, समितीतले पक्ष पांगले होते. लेखणीची धार कमी झाली नव्हती. ज्यावर ती चालावी ते कारणच उरले नव्हते.

उलट बाजूनेही एकदा पाहू. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. सरकारला नको ते छापता येईना. काही पत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. छापील शब्दच मत घडवीत असता तर १९७७ साली सरकार पक्ष सर्वत्र निवडून यावयास हवा होता. प्रत्यक्षात उत्तर प्रदेशात त्याला ८५ पैकी एकही जागा मिळाली नाही, तर आंध्रात ४२ पैकी ४१ मिळाल्या. महाराष्ट्रात १९७१ साली ४५ पैकी ४२ जागा होत्या, त्या ४८ पैकी २० वर आल्या. सेन्सॉर सगळीकडे सारखाच होता. सक्तीच्या नसबंदीचा जाच मात्र उत्तरेकडे अधिक झाला होता. ती बातमी पत्रांत नव्हती, तरी ती बाजारातून, एस.टी.च्या थांब्यावरून आणि सोयऱ्याधायऱ्यांकडून घरोघर पोहोचली.

परदेशांतल्या अभ्यासकांनाही असेच आढळले. अमेरिकेत १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील एका परगण्यात मतदारांच्या महिनोन्महिने मुलाखती घेतल्या. पत्रे व रेडिओ यांमुळे मत बदललेली माणसे त्यांना थोडीच सापडली. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले होते. आणि ज्यांचे बदलले, त्यांच्यावर पत्रापेक्षा ओळखीच्या, चार गोष्टी अधिक वाचणाऱ्या माणसाचा प्रभाव अधिक होता. १९६८ साली नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे मॅकोम्ब्ज आणि शॉ यांनी शंभर अनिश्चित मतदारांना प्रश्न विचारले. कोणते प्रश्न महत्त्वाचे, याविषयी त्यांचा क्रम वृत्तपत्रांच्या क्रमाशी बराच जुळला. म्हणजे पत्रे काय म्हणावे हे सहसा ठरवीत नाहीत. कशावर बोलावे हे मात्र पुष्कळदा ठरवितात. १९५७ साली मुंबईत प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारला जाई, तो याचाच परिणाम. त्या एका प्रश्नापुढे इतर प्रश्न मागे पडले, हेही मान्य केले पाहिजे.

यातून आमचा निष्कर्ष एकच आहे. छापील शब्द मतदारापर्यंत थेट पोहोचत नाही. तो कोणातरी विश्वासाच्या माणसाच्या तोंडून पोहोचतो. चाळीत अंक वाचून दाखविणारा, गावात पेठेहून बातमी आणणारा, घरात जेवताना चार शब्द बोलणारा वडील माणूस हाच खरा पत्रकर्ता होय. म्हणून जबाबदारी संपादकाइतकीच त्याच्यावर आहे.

ही जबाबदारी आज वाढली आहे. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातमीच्या रूपाने जाहिराती छापल्या गेल्याची ओरड झाली, त्यात आपल्या महाराष्ट्रातीलही निवडणूक होती. भारतीय प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली. वाचकाने बातमी म्हणून वाचले ते प्रत्यक्षात विकलेले रकाने होते. आता तर पत्राचीही गरज उरली नाही. मोबाइलवर मजकूर येतो, तो कोणी लिहिला ते ठाऊक नसते, आणि काका, मामा, आत्या यांच्याकडून तो आला म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो. पूर्वी अंक वाचून दाखविणाऱ्याला चाळीतला कोणी तरी लगेच अडवीत असे. मोबाइलवर पुढे धाडणाऱ्याला बहुधा कोणीच अडवीत नाही.

म्हणूनच, प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. संस्थेने मताचा कौल देऊ नये. ज्ञातीची मते एकगठ्ठा ठरली की ती मागावयास येणारा प्रत्येक घराकडे जात नाही, केवळ चार पुढाऱ्यांकडे जातो. मग घराची अडचण कोणी ऐकत नाही. श्रीपतराव शिंदे, मुकुंदराव पाटील आणि बाबासाहेब यांनी आपापल्या पत्रांतून ज्या माणसाला त्याची किंमत सांगितली, त्याच माणसाची किंमत आपण अशाने पुन्हा कमी करतो. शिवाय मतदान गुप्त आहे. ते सुनेचे आहे तसे सासऱ्याचे आहे, आणि अठरा वर्षांच्या मुलाचे आहे तसे आजीचेही आहे. संस्थेच्या नावाने दिलेला कौल त्या सर्वांच्या तोंडावर हात ठेवण्यासारखा होईल.

संस्थेने करावयाचे काम निराळे आहे. आपल्या वाचनालयात एका पक्षाला धार्जिणे असलेले एकच पत्र येऊ नये, भिन्न मतांची निदान दोन पत्रे यावीत. निवडणुकीपूर्वी एका रविवारी ती दोन्ही मोठ्याने वाचून दाखवावीत आणि मागून प्रश्न विचारण्यास बायकांना व मुलांना आधी संधी द्यावी. कोणता उमेदवार, हे त्या बैठकीत कोणी सांगू नये. कोणता प्रश्न आपल्या घराचा आहे, एवढेच प्रत्येकाने सांगावे. आणि मोबाइलवर आलेला मजकूर पुढे धाडण्यापूर्वी, हे मला कोठून समजले, असे प्रत्येक ज्ञातिबांधवाने व भगिनीने स्वतःस विचारावे.

संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांनी कोणाच्या सांगण्यावरून मत बनविले नव्हते. त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. आपल्या कुटुंबांतील प्रत्येक मतदारानेही तेवढेच करावे, इतकीच नम्र विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.