पाणी मुळांशी, पानं का झुकली?

जोराचा पाऊस होऊन वाफ्यात पाणी तुंबलं की एक-दोन दिवसांत टोमॅटोच्या रोपाची पानं खाली झुकतात. लांबून वाटतं, रोप कोमेजलं. पण जवळ जाऊन पान चिमटीत धरून पाहा. बहुधा ते लिबलिबीत नसतं, चांगलं भरलेलं असतं. वाकलेला असतो तो पानाचा देठ. देठाच्या वरच्या बाजूच्या पेशी खालच्या बाजूच्या पेशींपेक्षा जास्त लांबतात आणि देठ खाली वळतो. कोमेजताना पेशींतलं पाणी कमी होतं; इथे तर पेशी वाढताहेत!

पाण्यात बुडालंय मूळ आणि वाकतोय देठ. मग मुळाचा निरोप देठापर्यंत नेतं कोण?

या गोष्टीची सुरुवात टोमॅटोपासून नाही, वाटाण्यापासून होते. रशियात सेंट पीटर्सबर्ग इथे दिमित्री नेल्युबोव्ह यांच्या प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं सरळ वर न वाढता आडवी वाढत. बाहेरच्या हवेत ठेवली की ठीक वाढत. प्रयोगशाळेच्या हवेत दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसचा अंश होता, आणि त्या गॅसमधलं इथिलीन हे याचं कारण असल्याचं त्यांनी 1901 साली दाखवलं. पुढे 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या बॉइस थॉम्प्सन संस्थेत क्रॉकर, झिमरमन आणि हिचकॉक यांनी टोमॅटोला इथिलीन दिलं, तर पानं झुकली. त्याच सुमारास, 1934 साली, गेन यांनी पिकणारी सफरचंदं स्वतःच इथिलीन तयार करतात हे सिद्ध केलं. म्हणजे वनस्पतीला बाहेरून त्रास देणारा वायू तिच्या आतही बनत होता. आज आपण त्याला संप्रेरक म्हणतो.

मग पाणी तुंबल्यावर झुकणारी पानं इथिलीनमुळेच झुकत असतील का? इंग्लंडमधल्या लेटकम प्रयोगशाळेत मायकेल जॅक्सन आणि कॅम्पबेल यांनी 1975-76 मध्ये याचा पाठपुरावा केला. मुळांना दिलेलं इथिलीन खोडातून वर जातं हे त्यांना दिसलं. वायूच निरोप्या, असं वाटू लागलं.

पण इथे एक अडचण होती, आणि मला हा या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. इथिलीन बनवायला ऑक्सिजन लागतो. आपले शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, त्या स्थितीत मातीच्या कणांमध्ये ओलावाही असतो आणि हवाही. पाणी तुंबलं की हवेची जागा पाणी घेतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो, त्यामुळे मुळं गुदमरतात. ज्या मुळांना ऑक्सिजनच मिळत नाही, ती इथिलीन बनवणार कशी?

उत्तर पुन्हा सफरचंदातून आलं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात ॲडम्स आणि शांग फा यांग यांनी सफरचंदाचे तुकडे नायट्रोजनमध्ये ठेवले. इथिलीन बनणं थांबलं, पण एक पदार्थ साठत गेला. तुकडे हवेत आणल्यावर त्याच पदार्थापासून इथिलीन बनलं. अमिनो सायक्लोप्रोपेन कार्बॉक्झिलिक आम्ल असं त्याचं लांबलचक नाव; आपण एसीसी म्हणू. हे 1979 सालचं काम. म्हणजे इथिलीन बनवण्याची शेवटची पायरीच ऑक्सिजनवर अडते. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड आणि यांग यांनी पाणी तुंबलेल्या टोमॅटोच्या खोडातून वर चढणारा रस तपासला. त्यात एसीसी वाढलेलं होतं. मूळ अर्धवट तयार माल वर धाडतं आणि पान, ज्याला हवेची कमी नाही, तो पुरा करतं!

जनुकांचा भाग इथून सुरू होतो. एसीसी बनवणाऱ्या विकराचं जनुक टोमॅटोत एकच नाही, कुटुंबच आहे. त्यातलं कोणी फळ पिकताना जागं होतं, कोणी वेगळ्या वेळी. यांग यांच्याच गटानं 1995 साली पाणी तुंबल्यावर मुळांत काम करणारं एक जनुक दाखवलं, आणि 1998 मध्ये त्याहून लवकर जागं होणारं दुसरं.

शेवटच्या पायरीच्या विकराची कथा तर उलट्या दिशेनं घडली. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या ग्रिअर्सन यांच्या गटाला पिकत्या टोमॅटोत एक जनुक सापडलं होतं, पण त्याचं काम ठाऊक नव्हतं. त्यांनी तेच जनुक उलटं करून रोपात घातलं. मूळ जनुकाचं काम दबलं आणि इथिलीन घटलं. 1990 साली असा त्या जनुकाचा धंदा उघडकीला आला. ही रोपं पुढे पाण्यात ठेवून पाहिली गेली (1995). त्यांच्यात इथिलीन कमी बनलं आणि पानंही कमी झुकली.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. टोमॅटोच्या तीन कुंड्या घ्या. एक बादलीत अशी ठेवा की मातीवर पाणी राहील, दुसरीला नेहमीसारखं पाणी द्या, तिसरी कोरडी ठेवा. खोड आणि देठ यांच्यातला कोन कोनमापकानं रोज मोजा. बुडालेलं आणि तहानलेलं रोप यांतला फरक मुलांना हातानं चाचपून कळेल.

आता कोणीही विचारेल, इथिलीनचा निरोप बंदच केला तर? तशी एक जात निसर्गतःच सापडली होती. ‘नेव्हर राइप’ या टोमॅटोचं वर्णन 1950 च्या दशकात झालं. त्याची फळं धड लाल होत नाहीत, नारिंगीवरच अडतात. इथिलीन ओळखणाऱ्या ग्राहकाच्या जनुकातच बिघाड आहे हे 1995 मध्ये कळलं. इथिलीनला बहिरं झालेलं रोप असं घाबरून पानं पाडत नाही खरं, पण न पिकणारे टोमॅटो बाजारात कोण घेणार? शिवाय बुडालेलं टोमॅटो खोडाच्या बुडाशी नवी मुळं फोडतं, त्यांनाही इथिलीनचा निरोप लागतो. इटलीत पिसा इथल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे दाखवलं. हा निरोप निव्वळ तक्रार नाही. त्यात सुटकेची तयारीही आहे.

म्हणून कॅनडात ग्लिक आणि ग्रिचको यांनी 2001 मध्ये केलेला प्रयोग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. एसीसी मोडून टाकणाऱ्या जिवाणूच्या विकराचं जनुक त्यांनी टोमॅटोत घातलं. ते मुख्यतः मुळांतच चालू राहील अशी व्यवस्था केलेल्या रोपांनी पाण्याला सर्वांत चांगलं तोंड दिलं. निरोप उगमापाशीच अडवला गेला, फळांना धक्का न लावता.

जनुकांना हात न लावताही एक वाट आहे. तैवानमधल्या आंतरराष्ट्रीय भाजीपाला संशोधन केंद्रानं पावसाळी टोमॅटोसाठी वांग्याच्या निवडक वाणांवर टोमॅटोचं कलम बांधण्याची शिफारस केली. वांगं टोमॅटोचं भाऊबंद, त्यामुळे कलम जुळतं, आणि वांग्याची मुळं तुंबलेल्या पाण्यात टोमॅटोच्या मुळांपेक्षा जास्त तग धरतात.