डेअरीतून रक्ताच्या नळीपर्यंत

रक्त तपासावयास देऊन बाकावर वाट पाहत बसण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर आलेला आहे. अशा वेळी आतल्या खोलीतून एक घरघर ऐकू येते. दहा-एक मिनिटे ती चालते, मग मंदावत मंदावत थांबते. टेबलाच्या कोपऱ्यात मावणाऱ्या ज्या यंत्राची ती घरघर असते, त्याला परिभाषेत केंद्रोत्सारक म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र सगळे त्याला सेंट्रिफ्यूजच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच नाव घेऊ. सूक्ष्मदर्शकाचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे, क्ष-किरणांचा तर शाळेच्या पुस्तकातही येतो. या घरघरणाऱ्या डब्याची विचारपूस फारशी कोणी केलेली नाही.

त्याचे काम तसे घरगुती आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्याची घागर आपण निवळत ठेवतो. पृथ्वीच्या ओढीने जड माती तळाशी बसते आणि वर नितळ पाणी राहते. रक्ताची नळी उभी ठेवली तरी हेच घडते, पण फार सावकाश. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी तासाभरात जेमतेम दहा-पंधरा मिलिमीटर खाली सरकतात, पुष्कळदा त्याहूनही कमी. रोग्यापाशी एवढी सवड नसते. तेव्हा पृथ्वीची ओढ पुरत नसेल तर दुसरी ओढ निर्माण करावयाची. जोंधळ्याच्या मळ्यात गोफण फिरविताना दगड हाताला ताण देतो, त्या ताणाचीच ही युक्ती. नळीचा तळ मध्यापासून दहा सेंटिमीटरवर असेल आणि यंत्र मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर तळाशी पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे हजारपट ओढ पडते. फेरे दुप्पट केले की ओढ चौपट होते. म्हणजे हे यंत्र नवे असे काहीच करीत नाही, केवळ वेळ वाचविते.

आता गंमत अशी, की ही युक्ती प्रथम नावारूपाला आली ती रक्तासाठी नव्हे, दुधासाठी. एकोणिसाव्या शतकात युरोपातील डेअऱ्यांत दूध पसरट भांड्यांत ठेवून साय वर येण्याची वाट पाहत असत, आणि तोवर ते आंबूनही जाई. जर्मनीत दूध फिरवून साय वेगळी काढण्याचे प्रयोग झाले, परंतु साय काढावयास यंत्र थांबवावे लागे. स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल या इंजिनिअराने १८७८ साली ही अडचण दूर केली. त्याच्या यंत्रात दूध सतत आत येई, जड दूध कडेला जाई, हलकी साय मध्याकडे येई, आणि दोन्ही आपापल्या वाटेने बाहेर पडत. १८८३ साली त्याने भागीदारासह कंपनी काढली आणि त्या यंत्रांचा जगभर प्रसार झाला. आपल्याकडील कोणी म्हणेल, की यात नवे ते काय, आमच्या आजीची रवी हेच करीत होती! तसे नाही. रवी मागेपुढे फिरते आणि स्निग्धाचे कण एकमेकांवर आदळून त्यांचा गोळा होतो, तेच लोणी. लावालच्या यंत्रात घुसळणे नाही, केवळ निवड आहे. दोन्हींत फिरणे आहे, एवढेच साम्य.

दुधाची गोष्ट रक्तापर्यंत पोहोचावयास फार वर्षे लागली नाहीत, आणि तीही स्वीडनमध्येच पोहोचली. १८९१ साली स्वेन हेडिन याने ‘हिमॅटोक्रिट’ची पद्धत प्रसिद्ध केली. (मध्य आशियात भटकणारा प्रवासी हेडिन तो हा नव्हे.) बारीक काचनळीत रक्त घेऊन ती गरगरा फिरवावयाची, आणि तळाशी बसलेल्या पेशी किती व वर राहिलेले द्रव किती, हे पट्टीवर मोजावयाचे. रक्तक्षय डोळ्यांनी मोजता येऊ लागला. पुढे १९२९ साली अमेरिकेत मॅक्सवेल विनट्रोब यांनी यासाठी सुटसुटीत नळी रूढ केली, आणि ही तपासणी रोजच्या कामातली झाली.

टेबलाच्या कडेला चापाने बसविलेली, दांडा फिरवून चालवावयाची यंत्रे दीर्घकाळ वापरात होती. मग विजेची आली. यंत्र कोणतेही असो, एक शिस्त मोडून चालत नाही. नळीच्या बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवीच. नसली तर यंत्र थरथरू लागते, टेबलावर चालू लागते, नळ्या फुटतात. म्हणून रोगी एकच असला तर कारागीर दुसऱ्या नळीत साधे पाणी भरून समोर ठेवतो. तपासणीच्या कागदावर त्या पाण्याचा उल्लेख कोठेही नसतो.

या यंत्राच्या थोरल्या भावाला मात्र मोठी कीर्ती लाभली. उप्साला येथे थेओडोर स्वेडबर्ग यांनी १९२४ च्या सुमारास अतिवेगवान सेंट्रिफ्यूज बांधले आणि त्यात हिमोग्लोबिनचे रेणूदेखील खाली बसविले. त्या रेणूचे वजन निश्चित आहे, तो अनिश्चित आकाराचा चिकट गोळा नव्हे, हे त्यावरून दिसले. स्वेडबर्ग यांना १९२६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कामात त्यांचे सोबती होते रॉबिन फोरेउस. याच गृहस्थांनी १९१८ साली, गर्भवती स्त्रियांचे रक्त इतरांपेक्षा लवकर खाली बसते, हे पाहून ईएसआर या तपासणीचा पाया घातला. त्या तपासणीत नळी फिरवावयाची नाही, तासभर उभी ठेवून गप्प बसावयाचे. संथपणातूनही निदान होते आणि वेगातूनही, हे एकाच माणसाने पाहिले याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

तथापि टेबलावरच्या धाकट्या यंत्राची खरी किंमत कळावयास मुंबईची एक गोष्ट आठवावी. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट दाखविले, तेच मुळी एकाचा रक्तरस दुसऱ्याच्या पेशींत मिसळून. म्हणजे रक्तरस पेशींपासून वेगळा काढणे, ही त्या विद्येची पहिली पायरी. मुंबईत १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे रक्त नोंदविले, की नुसत्या पेशी तपासाव्या तर ते ‘ओ’ गटाचे वाटावे. पण त्याचा रक्तरस ‘ओ’ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. अशा माणसाला ‘ओ’ गटाचे रक्त चढविले तर प्राणावर बेतते. पेशी एक सांगतात आणि रक्तरस दुसरे. दोघांची साक्ष स्वतंत्रपणे घेतली नाही तर चूक लक्षातच येणार नाही. रक्तपेढीत ती साक्ष वेगळी काढण्याचे काम रोजच्या रोज हे टेबलावरचे यंत्र करते.

पण जेथे वीजच नाही तेथे काय? २०१३ साली मनू प्रकाश युगांडात हिंडत होते. मीरत येथे जन्मलेले हे शास्त्रज्ञ अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करतात. तेथील एका दवाखान्यात त्यांना सेंट्रिफ्यूज दिसले, ते दाराला टेकू म्हणून ठेवलेले! वीज नसल्याने त्याचा दुसरा उपयोग उरला नव्हता. तेथून परतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळणी तपासावयास घेतली. बटणाच्या भोकांतून दोरा ओवून, दोन्ही हातांनी ओढून सैल सोडीत फिरवावयाची भिंगरी आपण सर्वांनी लहानपणी केली आहे. तीच त्यांनी कागदाच्या चकतीची केली आणि तीवर केसासारखी बारीक रक्तनळी बसविली. २०१७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाताने ओढलेली ही भिंगरी मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत जाते, दीड मिनिटात पेशी आणि द्रव वेगळे करते, पंधरा मिनिटांत हिवतापाचे जंतू वेगळे काढण्यासही उपयोगी पडते. आणि खर्च अमेरिकेतील वीस सेंट.

ही भिंगरी टेबलावरच्या यंत्राची जागा घेईल असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तिच्या नळीत रक्ताचा एखादा थेंब मावतो. रक्तक्षय किंवा हिवताप पाहावयास तो पुरे, परंतु इतर कित्येक तपासण्यांना काही मिलिलिटर रक्तरस लागतो, आणि सकाळच्या वेळी एकदम वीस-पंचवीस रोग्यांच्या नळ्या येऊन पडतात. तेथे विजेवरचेच यंत्र लागते, आणि समोरच्या खाचेत ती पाण्याची नळीही.