वापरलेल्या चिलखताची परीक्षा

पोलिसांच्या बुलेटप्रूफ जॅकेटची परीक्षा मातीवर होते. तेलात मळलेल्या मातीच्या ठोकळ्यावर जॅकेट बांधतात आणि ठरावीक अंतरावरून गोळ्या झाडतात. गोळी आरपार गेली तर जॅकेट नापास. ती अडली, तर मागच्या मातीत पडलेला खड्डा मोजतात. कारण अडलेल्या गोळीचा धक्काही बरगड्यांच्या आत पोचतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेच्या मानकानुसार या खड्ड्याची मर्यादा ४४ मिलिमीटर आहे.

इतकी चोख मोजदाद असूनही २००३ साली हे मानक उघडे पडले. त्याची कहाणी समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली जे संशोधन केले, त्यातून केवलार हा धागा आला. तो मुख्यतः टायरसाठी होता. न्याय विभागातील लेस्टर शुबिन यांना तो अंगावर घालता येईल असे वाटले. पहिले मानक १९७२चे. १९७५मध्ये १५ शहरांतील पोलिसांना सुमारे ५,००० जॅकेटे वापरून पाहायला दिली गेली आणि त्याच डिसेंबरात सिअ‍ॅटलच्या एका दुकानात गोळी लागलेला पोलीस वाचला. याच काळात रिचर्ड डेव्हिस हा डेट्रॉइटचा पिझ्झावाला या धंद्यात उतरला होता. लुटारूंशी झालेल्या गोळीबारात तो स्वतः जखमी झाला होता. त्याने कंपनीचे नाव ठेवले ‘सेकंड चान्स’. जॅकेट घालून स्वतःवरच गोळी झाडून दाखवणे ही त्याची जाहिरात.

अडचण एकच होती. जॅकेट जड आणि गरम. उन्हाळ्यात पोलीस ते घालायला नाखूश असत. म्हणून हलक्या धाग्याचा शोध सुरू राहिला. जपानच्या तोयोबो कंपनीने १९९८पासून झायलॉनचे व्यापारी उत्पादन सुरू केले. केवलारपेक्षा मजबूत, म्हणून जॅकेट पातळ. कोरे जॅकेट मानकाच्या परीक्षेत उत्तीर्ण होत होते. पण उष्णता आणि दमटपणा यांनी झायलॉन कमजोर होतो, आणि पोलिसाच्या छातीवर तर दिवसभर याच दोन गोष्टी असतात. धाग्याची ताकद घटते असे तोयोबोने २००१मध्ये कळवले होते. ‘सेकंड चान्स’चे संशोधनप्रमुख आरॉन वेस्ट्रिक यांनी ग्राहकांना सावध करा असा आग्रह धरला. विक्री मात्र चालूच राहिली.

जून २००३मध्ये पेनसिल्व्हेनियातील फॉरेस्ट हिल्स येथे, जी गोळी अडायला हवी होती तीच जॅकेट भेदून गेली. पोलीस गंभीर जखमी झाला, पण वाचला. सप्टेंबरात कंपनीने झायलॉनची जॅकेटे मागे घेतली आणि पुढच्या वर्षी दिवाळखोरी जाहीर केली.

मग सरकारने नीट प्रश्न विचारला: वापरलेल्या जॅकेटांचे काय? ऑगस्ट २००५मध्ये उत्तर मिळाले. वापरलेल्या १०३ झायलॉन जॅकेटांपैकी ६० जॅकेटांतून निदान एक गोळी आरपार गेली. उरलेल्या ४३पैकी ३९ जॅकेटांमागचा खड्डा मर्यादेपलीकडे होता. सर्व कसोट्यांना उतरली फक्त ४. संस्थेने झायलॉनची मान्यता काढून घेतली. २००८च्या मानकात एक नवी अट आली: गोळी झाडण्याआधी जॅकेट १० दिवस फिरत्या पिंपात, ६५ अंश सेल्सिअस तापमानात आणि ८० टक्के आर्द्रतेत घोळवायचे. म्हणजे नोकरीची वर्षे आधी अंगावर काढायची, मग परीक्षा द्यायची.

वेस्ट्रिक यांनी दावा लावला तो १८६३च्या कायद्याखाली. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या कंत्राटदारांसाठी तो केलेला होता. न्यायालयात दोष ठरण्यापूर्वीच, २०१८मध्ये तोयोबोने ६ कोटी ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री हेमंत करकरे जॅकेट आणि हेल्मेट चढवताना आपण दूरचित्रवाणीवर पाहिले. पुढे त्या जॅकेटच्या दर्जाबद्दल प्रश्न उठला, कविता करकरे यांनी माहिती अधिकारात विचारणा केली. पण जॅकेटच सापडले नाही. भारतीय मानक ब्युरोचे बुलेटप्रूफ जॅकेटांसाठीचे मानक, आयएस १७०५१, आले ते २०१८मध्ये.

अमेरिकेत धागा खोटा ठरला, कारण वापरलेली १०३ जॅकेटे तपासायला हाताशी होती. मुंबईतले जॅकेट चांगले होते की वाईट, हे सांगणारा एकमेव पुरावा ते जॅकेटच होते. कोऱ्या जॅकेटचे प्रमाणपत्र कारखान्याला मिळते; पोलिसाला उत्तर देऊ शकते ते त्याने घामाने भिजवलेले जॅकेट. ते जपून ठेवणे आणि तपासणे, हाही मानकाचाच भाग मानायला हवा.