छायाचित्रांची वही : घराचे दप्तर

अंजनी नदीच्या काठी वसलेले एरंडोल हे जळगाव जिल्ह्यातील जुने गाव. महाभारतातील एकचक्रानगरीशी त्याचे नाते सांगणारी आख्यायिका आणि जवळचे पद्मालयाचे गणेशस्थान यांमुळे ते खानदेशाबाहेरही ठाऊक आहे. या गावाची आणखी एक ओळख मात्र आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. ती म्हणजे कागदाची. एरंडोल एके काळी देशी जाड्याभरड्या कागदासाठी प्रसिद्ध होते आणि हा उद्योग अजून काही प्रमाणात तग धरून आहे, अशी नोंद विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये आढळते. गिरण्यांच्या कागदापुढे असे हातउद्योग जागोजागी मागे पडत गेले.

घरातील छायाचित्रे आणि त्यांच्याशी निगडित कागद एकत्र लावून, त्यांच्या शेजारी माहिती लिहून जी वही तयार होते, तिला इंग्रजीतून आलेला ‘स्क्रॅपबुक’ हा शब्द आता आपल्याकडेही रूढ झाला आहे. मैत्रिणींनी दोन दिवस एकत्र राहून अशा वह्या तयार करण्याची पद्धतही परदेशात लोकप्रिय आहे. सुटीतील विरंगुळा म्हणून ती आनंददायक आहेच. पण मराठी कुटुंबांच्या दृष्टीने तिचे महत्त्व विरंगुळ्यापेक्षा अधिक आहे. कपाटातील जुन्या छायाचित्रांमध्ये कोण उभे आहे, हे सांगू शकणारी माणसे घरोघरी कमी होत चालली आहेत.

दप्तराची परंपरा

कागद जपणे आपल्याला नवे नाही. पेशवाईतील हिशेब आणि पत्रव्यवहार कापडात बांधलेल्या रुमालांत राहिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून असे कागद गोळा केले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून ते प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. राजवाडे यांचे निधन १९२६च्या अखेरीस धुळ्यात झाले. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. घराघरांतील कागद टिकले, म्हणून हा इतिहास लिहिता आला.

लिहिलेले टिकावे कसे, याचा विचारही आपल्याकडे झालेला आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर वाटोळे व सारखे असावे, पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, लेखनाचे साहित्य नीट जमवावे, असा अगदी व्यावहारिक उपदेश त्यात आहे. पानाच्या कडा झिजतात, म्हणून मजकूर कडेपर्यंत नेऊ नये, हा नियम छायाचित्रांच्या वहीलाही तंतोतंत लागू पडतो.

अल्बम ते स्क्रॅपबुक

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक, तर हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील सुरुवातीच्या व्यावसायिक भारतीय छायाचित्रकारांपैकी. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दिस्देरी या छायाचित्रकाराने भेटपत्राच्या आकाराच्या छोट्या छायाचित्रांचे पेटंट घेतले. ही चित्रे स्वस्त होती, एकमेकांना देता येत होती. ती ठेवण्यासाठी खाचा असलेली जाड पुस्तके निघाली आणि ‘अल्बम’ घरात आला. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांना कात्रणे चिकटविण्याचा एवढा छंद होता की, आधीच गोंद लावलेल्या पानांच्या वहीचे पेटंट त्यांनी १८७३ मध्ये मिळविले.

खानदेशात छायाचित्रकलेचे नाव चाळीसगावचे केकी मूस यांनी मोठे केले. मेजावर छोट्या वस्तूंची रचना करून त्यातून निसर्गदृश्याचा भास निर्माण करणारी त्यांची ‘टेबलटॉप’ छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कलाकृती चाळीसगावच्या त्यांच्या घरातच जतन केलेल्या आहेत.

स्क्रॅपबुकचा आजचा प्रकार अमेरिकेतील युटा राज्यातून पसरला. १९८० मध्ये तेथील एका वंशवृत्तविषयक जागतिक परिषदेत मेरिलिन ख्रिस्टेन्सन या गृहिणीने आपल्या कुटुंबाच्या वह्या मांडल्या. लोकांनी इतकी चौकशी केली की, पुढच्याच वर्षी या कुटुंबाने साहित्याचे दुकान थाटले. यातूनच मैत्रिणींच्या मेळाव्यांची प्रथा वाढली. शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या विश्रामगृहात जमायचे, आपापली छायाचित्रे व कात्री घेऊन बसायचे आणि रविवारी पूर्ण झालेली पाने घेऊन घरी परतायचे. अशा बैठकीला तेथे ‘क्रॉप’ म्हणतात, म्हणजे कातरणे. त्यातील एकत्र बसण्याची पद्धत घेण्यासारखी आहे, मूळ छायाचित्रे कातरण्याची नव्हे.

नावे कोण सांगणार?

आपल्या जुन्या अल्बममध्ये लग्नाची, मुंजीची, स्टुडिओतील पडद्यापुढे काढलेली छायाचित्रे असतात. त्यांच्या मागे बहुधा काहीच लिहिलेले नसते. ज्यांनी ती लावली, त्यांना माणसे ठाऊकच होती. दोन पिढ्यांनंतर तीच चित्रे अनोळखी होतात. त्यातही पुरुषांची नावे सातबारा, शाळेचे दाखले, नोकरीचे कागद यांतून शोधता येतात. स्त्रियांचे तसे नाही. लग्नात आडनाव बदलले, पुष्कळ घरांत पहिले नावही बदलले. छायाचित्राखाली काही लिहिले असेलच, तर ‘सौ. वहिनी’ किंवा ‘बाळूची आई’ एवढेच. तिचे माहेरचे नाव, ती कोणत्या गावची, शाळेत कितवीपर्यंत गेली, हे तिच्या बहिणी आणि बालमैत्रिणी यांखेरीज कोणाला ठाऊक नसते. त्या गेल्या की ते नावही जाते.

वेळीच लिहून ठेवण्याने काय साधते, याचे सर्वांत मोठे उदाहरण खानदेशातीलच आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचीत आणि चिरंजीव सोपानदेव व घरचे एक आप्त त्या वहीत उतरवून घेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या पाहण्यात आली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. घरातील कोणी वही केली नसती, तर मराठी साहित्य त्या कवितेला कायमचे मुकले असते. प्रत्येक घरातील आजी कवयित्री नसते. परंतु तिचे सांगणे तिच्याबरोबर संपते, हे मात्र प्रत्येक घरी खरे आहे.

आखाजीची बैठक

यासाठी मैत्रिणींनी वा बहिणींनी दोन दिवस काढावेत. आपल्याकडे त्यासाठी नवा मुहूर्त शोधण्याची गरज नाही. अक्षय तृतीयेला, म्हणजे खानदेशच्या आखाजीला, माहेरवाशिणी गावी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात आणि वर्षानुवर्षे न भेटलेल्या मैत्रिणी भेटतात. एकीच्या छायाचित्रातील मुलगी दुसरी ओळखते, अशी ही हक्काची वेळ. श्रावणात कानबाईच्या उत्सवासाठी भाऊबंद एकत्र येतात, तेव्हा सासरच्या घराण्याची माहिती जमविता येते. मात्र तेव्हा हवा दमट असल्याने जुनी चित्रे हाताळण्याचे काम उन्हाळ्यातच उरकावे. उन्हाळ्यात पापड-बिबड्यांसाठी शेजारणींनी आळीपाळीने एकमेकींच्या घरी जमण्याची रीत खानदेशात आहेच. त्याच रीतीने ही बैठक भरवावी. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना ती शनिवार-रविवारी कोणाच्याही घरी घेता येईल.

पाच-सहा जणींची बैठक सोयीची ठरते. प्रत्येकीने सगळा पेटारा न आणता निवडक चाळीस-पन्नास छायाचित्रे आणावीत. पहिला दिवस केवळ ओळख पटविण्याला द्यावा. चित्रे सतरंजीवर न पसरता स्वच्छ मेजावर मांडावीत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि एकीने साध्या वहीत क्रमांकानुसार माहिती लिहून घ्यावी. वडीलधाऱ्या बाईंना सकाळी, त्या ताज्यातवान्या असताना विचारावे. ‘हे कोण?’ असे विचारून थांबू नये. ‘हे घर कोणाचे? लुगडे कोठून आणले होते? या दिवशी जेवायला काय होते?’ असे विचारले की आठवणी उलगडत जातात. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. त्या अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत बोलत असतील, तर मजकूरही त्याच बोलीत लिहावा. त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर करण्याचा आग्रह नको. दोघींच्या आठवणीत तफावत पडली, तर दोन्ही लिहून कोणी काय सांगितले ते नोंदवावे. एखादा विषय दुःखाचा निघाल्यास तो सांगणाऱ्याच्या इच्छेवर सोडावा.

खापरावरची पुरणपोळी आणि आमरसाचा बेत अवश्य करावा. पण जेवणाची जागा कामाच्या मेजापासून दूर असावी. तुपाचा हात छायाचित्राला लागला, तर डाग निघत नाही.

वही कशी करावी?

दुसऱ्या दिवशी पाने लावावीत. एका वहीला एकच विषय घ्यावा : एका आजीचे आयुष्य, एक वाडा, एक लग्न. एका पानावर दोन-तीन चित्रांपेक्षा जास्त नकोत. शक्यतो मूळ चित्र न लावता त्याची छापील प्रत लावावी. कातरायची असेल, सजवायची असेल, तर ती प्रत. पोलरॉइडचे चित्र तर कधीच कापू नये, कारण त्याच्या थरांत रसायने असतात.

चित्राखालच्या मजकुरात पाच गोष्टी असाव्यात : डावीकडून उजवीकडे सर्वांची पूर्ण नावे, स्त्रियांची माहेरची नावेही, गाव, वर्ष, नक्की नसल्यास ‘सुमारे’ असे लिहून, प्रसंग, आणि ही माहिती कोणी, केव्हा सांगितली. लग्नपत्रिका, सुवाच्य अक्षरातील पत्र, बसचे तिकीट, लुगड्याच्या काठाचा तुकडा अशा वस्तूंनी पान जिवंत होते. वर्तमानपत्राचे कात्रण मात्र थेट लावू नये. त्या कागदातील लिग्निनमुळे तो पिवळा पडतो आणि त्यातील आम्ल शेजारच्या चित्रात उतरते. कात्रणाची चांगल्या कागदावर प्रत काढून ती लावावी.

कागद, गोंद आणि हवामान

वहीचा कागद आम्लरहित असावा. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लिग्निन जवळजवळ नसते, म्हणून तो या कामाला उत्तम. तथापि प्रत्येक हातकागद आम्लरहित असतोच असे नाही, हे विकत घेताना विचारून घ्यावे. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये सुरू झालेल्या ग्रामोद्योग चळवळीने हातकागदाला नवे जीवन दिले आणि पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. आपल्या घराची वही अशा कागदावर केली, तर एरंडोलच्या जुन्या उद्योगाचेही स्मरण राहील.

चित्रे चिकटविण्याऐवजी कोपऱ्यांत बसणारे कागदी त्रिकोण वापरावेत. सेलोटेप, रबराचा गोंद आणि पुस्तकबांधणीची मोरचूद घातलेली खळ छायाचित्रांना लावू नये. प्लॅस्टिकचे आवरण पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे चालते. पीव्हीसीचे चालत नाही. मूळ चित्राला लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा काढता येत नाही. जुन्या कृष्णधवल चित्राच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. नंतरच्या गुळगुळीत रंगीत चित्रांवर पेन्सिल उमटत नाही. त्यासाठी पक्क्या शाईचे पेन घेऊन शाई पूर्ण वाळू द्यावी.

खानदेशच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पावसाळ्यात हवा ओलसर होते. उष्णतेने रंग उडतात, ओलाव्याने बुरशी धरते. म्हणून वही माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात न ठेवता घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवावी. डांबरगोळ्या वहीत घालू नयेत. कसर आणि वाळवी यांच्यासाठी वर्षातून दोनदा वही उघडून पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

१९७०नंतर आलेल्या, चिकट पानांवर पारदर्शक कागद ओढण्याच्या अल्बममध्ये पुष्कळ घरांची चित्रे अडकली आहेत. ती ओढून काढू नयेत. आधी पानाचेच छायाचित्र घ्यावे. मग बारीक पण मजबूत दोरा चित्राच्या मागून हळूहळू सरकवावा. काचेला चिकटलेले चित्र तर तसेच ठेवून प्रत काढून घ्यावी. लहान चित्रांचे स्कॅनिंग निदान सहाशे डीपीआयवर करावे आणि संगणकातील प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. फाइलच्या नावातही व्यक्तीचे नाव व वर्ष घालावे. केवळ आकड्यांची फाइल म्हणजे पुन्हा मागे काही न लिहिलेले छायाचित्रच.

वही पूर्ण झाली की तिच्या रंगीत प्रती काढून एकेक प्रत बहिणींकडे आणि भावांकडे द्यावी. एका घराला पाणी लागले, तरी दुसऱ्या घरी वही राहील. शेवटची चार-पाच पाने मात्र कोरी सोडावीत. ज्या चित्रांतील माणसे कोणालाच ओळखू आली नाहीत, ती तेथे क्रमांकासह लावावीत आणि पुढच्या आखाजीला गावातील सर्वांत वयोवृद्ध बाईंना आधी तीच पाने दाखवावीत.